ड्रॅगनमधून निघालेला ससा

सूचौ,
नववर्षाच्या तोंडावर

प्रिय वान्छिंग,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. रागावलेली नाही. आलं घातलेलं कोंबडीचं सूप पितेस ना? सासू सांगते म्हणून नको, मी सांगते म्हणून पी. बाळंतिणीचा महिना आहे तुझा. कुशीत बाळ नसलं, तरी अंग बाळंतपण विसरत नाही गं.

विहीणबाईंनी तुला बजावलंय म्हणे, एका रात्रीची पोर मोजायची नसते, तिचं नाव काढायचं नसतं. आपल्या गल्लीतही तोच सूर. तोंडावर कुणी काही बोलत नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

ड्रॅगनची हौस सगळ्यांनाच होती. नववर्ष लागल्यावर जन्मणारं मूल ड्रॅगनच्या वर्षातलं, मग काय विचारता! तुझ्या बाबांनी तर थंडी पडायच्या आधीच ठेवणीतला पांढरा जेड काढून ड्रॅगन कोरायला घेतला, बाळ महिन्याचं झालं की गळ्यात घालायला. शेजारच्या गाळ्यातले पेइकाका चिडवायचे, गिऱ्हाइकाच्या ड्रॅगनला कधी असल्या झुबकेदार मिशा दिल्या नाहीत तुम्ही! आणि पोर दिवस भरायच्या आतच आली, सशाचं वर्ष सरायच्या आधी, आणि गेली. तेव्हा ड्रॅगनचं नुसतं पॉलिश राहिलं होतं.

तू घरी यायला नाही म्हणतेस ते त्याच्यामुळेच, मला कळतं. बाबांच्या मेजावर तो बघवणार नाही तुला. अगं, तो नाहीये आता. बाबा दुकान बंद करून नुसते बसून असायचे. मग एका सकाळी चाकाचा आवाज आला. जाऊन बघते, तर त्याची शिंगं घासत होते. जेडला भर घालता येत नाही, कमीच करत जायचं. मिशा गेल्या, खवले गेले, नखं गेली. एवढं सुंदर काम मातीत घालताय, म्हणून मी तोंड सोडलं. चाक न थांबवता म्हणाले, "आपली पोर सशाच्या वर्षातली. तिला दुसऱ्याचं जनावर कशाला?" मी तिथेच बसून रडले. ते घासत राहिले.

ससा झालाय. जर्दाळूच्या बीएवढा, कान पाठीला टेकवून बसलेला. त्याचा लाल दोरा मी विणायला घेतला आणि अडले. बाबांना विचारलं, तर म्हणाले, तिच्या आईला विचार. तेवढ्यासाठीच हे पत्र, पोरी. दोरा बाळाच्या गळ्याच्या मापाचा विणू, की तुझ्या? सांगशील तसा विणते.

दोरा हातात घेऊन बसलेली,
तुझीच आई