शीटमध्ये आमचे हे

२७ जून २०१६, सोमवार
पतसंस्थेने फुकट दिलेली डायरी. जानेवारीपासून पीठ चाळताना खाली अंथरत होती. आजपासून लिहायला काढली. तिसरीपर्यंत शिकली आहे मी, वाया कायले जाऊ द्यायचं. कोणी वाचायची नाही. वाचणाऱ्याचे डोळे फुटो.
नातीला, खुशबूला, त्याच पतसंस्थेत कॉम्प्युटरवर घेतलं आहे. काम पाहून मग पक्की करणार. नाही केली तर तिचा बाप दुर्गेश तिला नागपूरला घेऊन जाणार. जाऊ दे. मला काय, मी एकटी राहू शकते.
काम असं. म्हातारे लोक कागद भरून देतात की आमच्या एफडीच्या व्याजावर टॅक्स कापू नका. पंधरा-एच म्हणतात त्याला. ते सगळे कागद एक्सेलमध्ये चढवायचे अन् सरकारला पाठवायचे. पोरगी लॅपटॉप अन् गठ्ठा घरी घेऊन आली. म्हाताऱ्यांचं अक्षर तिला लागत नाही. म्हणाली, आजी, तू नावं वाच, मी टाइप करतो. आकडे ती स्वतः पाहते.
म्हणजे काम माझंच. ती नुसती बोटं.
ठरवलं: रोज दुपारी बसायचं. शनिवारपर्यंत गठ्ठा खलास.

२८ जून, दुपार
छान चाललं. माझा आवाज खणखणीत. मधे एक कागद असा आला की त्यावरचं नाव मी घेत नाही. खुशबूच्या आजोबाचं. माणूस दुसराच, कालीमाटीचा, पण नाव तेच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटते, हे मला माझ्या मायने सांगितलं. लग्न झाल्यापासून घेतलं नाही, आता पतसंस्थेसाठी घेऊ? गाय देते ते अन् त्यापुढे राम, एवढंच लिहिते, तेही इथे. किराण्यात मी पांढरं मागते. दुकानदाराला समजतं.
कागद उलटा ठेवला. मी म्हणाली, तुझ्या आजोबाचं. खुशबू म्हणते, आजोबाचं कायले? मी म्हटलं, टाक म्हटलं तं टाक.
तिने दोन अक्षरं दाबली अन् पूर्ण नाव आपोआप उभं राहिलं. आडनावासकट. माझ्या डोळ्यांदेखत.
हे कोणी लिहिलं, विचारलं. म्हणते, मागच्या वर्षीच्याच शीटमधे भरून राहिलो ना आजी, आजोबाचं नाव आहे तिच्यात. ते आपोआप येते.
आपोआप. हे मागच्या दिवाळीच्या आधी गेले.
भीती वगैरे काही वाटली नाही. पाणी प्यायला उठली, तेवढंच.

२९ जून
पहाटे ओसरीतून खोकला. दोनदा बारीक, एकदा मोठा. हे असेच खोकलायचे. शेजारचा केवलराम असेल. केवलराम रायपूरला गेला आहे, पण माणूस लवकर परतही येतो.
बिडीचा वासही. खुशबूला विचारलं, तुला येऊन राहिला का. म्हणते, तुयाच लुगड्याले येते, आजोबाची पेटी उघडली काय? मी कायले उघडू. परवा उघडली होती, झुरळं पाहायला.

१ जुलै
परत यांचं नाव. आता सालेकशाकडचा एक. या जिल्ह्यात लोकांना दुसरं नाव सुचत नव्हतं काय? कागद उलटा. तुझ्या आजोबाचं. खुशबू म्हणते, आजोबाच्या कित्या एफड्या होत्या वं? म्हटलं, तुले काय करायचं, टाक.
दोन अक्षरं, अन् हे हजर. जिवंत होते तेव्हा जेवायला दहा हाका मारल्या तरी खाटेवरून हलत नव्हते.
ठरवलं: यांची खाट उद्या भंगारवाल्याला.

२ जुलै, शनिवार
भंगारवाला आला होता. खाट दिली नाही. खाटेवर गठ्ठा ठेवला आहे, सरकारी काम आहे.
खाटेखाली पळसाच्या पानावर बिड्या अन् वाटीत थोडी मोहाची दारू ठेवली. भीतीने नाही. व्यवहार म्हणून. म्हटलं, हे घ्या अन् शीटमधून निघा. पोरीच्या नोकरीचा सवाल आहे. तुमचं काय, तुम्ही निवांत.

३ जुलै
पानावर बिड्या नाहीत. उंदीर.

५ जुलै
गठ्ठा संपला. शनिवार उलटून गेला, पण तो खुशबूमुळे. मधेच फोन पाहते.
ती शीट वरून खाली सरकवत होती अन् मी बाजूला बसली होती. हे दिसले, गेले. परत दिसले, गेले. परत दिसले. गाडी सुटताना प्रत्येक खिडकीत तोच माणूस बसला असावा तसे.
म्हटलं, बंद कर ते. काऊन, म्हणते. डोळ्यांना त्रास होते म्हटलं.
शीट पतसंस्थेच्या टेकचंद साहेबाला दिली. साहेब खूश. मी खुशबूला विचारलं, माझं नाव सांगितलं का? नाही सांगितलं म्हणते. आजकालची पोरं.

१२ जुलै
कालीमाटीचा तो, यांच्या नावाचा, पतसंस्थेत येऊन ओरडला. त्याने कागद भरून दिला तरी त्याच्या व्याजावर टॅक्स कापला. टेकचंद साहेबांनी शीट उघडली. त्यात कालीमाटीचा कोणी नाहीच. एकच माणूस पुन्हा पुन्हा कागद भरून देऊन राहिला आहे, अन् तो मेलेला.
साहेब खुशबूला म्हणाले, मेलेल्या आजोबाचे खोटे कागद चढवले? उद्या खुलासा कर, नाही तर येऊ नको. पंधरा तारखेच्या आत सरकारला पाठवायचं आहे.
पोरगी रडत आली. आजी, तूच तं म्हणे आजोबाचं आजोबाचं! मी म्हटलं, मी नाव घेतलं काय? नाही घेतलं. मग माझी चूक कशी?
तिने बापाला फोन लावला. मी ऐकत नव्हती. नागपूरची गाडी विचारत होती.
ओसरीत आज संध्याकाळपासूनच खोकला. सोबत द्यायला आले की मजा पाहायला, कोण जाणे.
ठरवलं: उद्या साहेबाला नीट सांगायचं की मशीनमध्ये हे शिरले आहेत. शिकलेला माणूस आहे, समजेल.

१३ जुलै
समजला नाही. म्हणतो, माय, भूत-बीत सोडा. मी म्हटलं, मग आपोआप कोण लिहिते, तुमचा बाप? खुशबूने माझा पदर ओढला.
साहेबांनी मी उलटे ठेवलेले कागद माझ्यासमोर सुलटे मांडले. म्हणाले, इथे काय लिहिलं आहे ते फक्त वाचा. पोरगी खोटी नाही, हे मग मला दिसेल.
कालीमाटीचा बाकावर बसला होता. म्हणे, वाच ना वं माय, माहंच नाव हाये, तुया बुढ्याचं नाई.
खुशबू माझ्याकडे पाहत नव्हती. कीबोर्डवर बोटं ठेवून बसली होती.
मी वाचलं.
दुधराम.
खणखणीत. बाहेर सायकल लावणाऱ्यानेही वळून पाहिलं. पुढचा कागद. दुधराम. साहेबासाठी परत एकदा. दुधराम. खुशबूने या वेळी एकेक अक्षर स्वतः दाबलं. मशीन मधेच आमचं आडनाव पुढे करत होतं, ती ते पुसत होती.
साहेब म्हणाले, झालं. खुशबू, उद्यापासून वेळेवर यायचं.
आयुष्य घटते म्हणे. ज्याचं संपलं त्याचं काय घटणार? मी जिंकली. घरी येऊन मस्त झोपते आता.

१४ जुलै
खोकला नाही.

१५ जुलै
शीट गेली. आजोबाची रांग खुशबूने काढून टाकली. मी पाहत होती. उजवं बटण दाबलं अन् डिलीट. खालची रांग वर सरकली. मधे जागासुद्धा राहिली नाही.
केवलराम रायपूरहून आजच आला.
पानावर नव्या बिड्या ठेवल्या होत्या, तशाच आहेत. उंदीरही गेले वाटतं. पेटी उघडली, झुरळं पाहायला. कपड्यांना नुसता डांबर गोळ्यांचा वास.
खुशबू कामावर गेल्यावर ओसरीत उभी राहून एकदा नाव घेऊन पाहिलं. मग थोडं मोठ्याने. खाट करकरलीसुद्धा नाही.
बरं झालं. घर मोकळं झालं.
चहा ठेवायचा होता. दुकानात जाऊन दूध मागितलं. दुकानदाराला समजलं नाही.