रिकामी गाडी सरळ उभी आहे

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, विकून टाका ती गाडी. कशाला जागा अडवून बसलीय?" मी हो-नाही काहीच बोललो नाही, कारण आई शेजारी भाजी निवडत होती आणि तिचे कान माझ्याकडेच होते. म्हणून हे पत्र. आज सुट्टी आहे. शटर अर्धं ओढून, तुझ्या दादाच्या गाडीशेजारी स्टूल टाकून लिहितोय. कागदाला ग्रीस लागलं तर नाक मुरडू नकोस.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, ती त्याच्यावर कुरकुरते, दोघांचं चाललेलं असतं. गाडीवरचा तिचा राग मात्र अजून गेलेला नाही. दादाने गाडी आणली, नवे शॉकर-स्प्रिंग घालून पार जमिनीलगत खाली बसवली आणि पहिल्यांदा आईलाच फिरवून आणलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बसायला ठीक आहे रे, आता उतरवायला क्रेन बोलाव." शेजारचा टायरवाला तर म्हणायचा, हिच्याखालून जायचं तर मुंगीलाही मान वाकवावी लागेल. तरीही रोज सकाळी आई खाली येते, गाडीवरचं कापड झटकते आणि परत नीट घालते. मी पाहतोय असं दिसलं की म्हणते, धूळ किती साचते हो तुमच्या गॅरेजात.

सर्व्हिसिंग मी चुकू दिलेलं नाही. पण ही काही एकट्याने करायची गाडी नाही, हे तुला माहीत आहे. जॅक खाली शिरत नाही. आधी फळ्या मांडायच्या, गाडी हळूहळू त्यांच्यावर चढवायची, मग कुठे जॅकला जागा मिळते. एकाने आत बसायचं आणि एकाने जमिनीला गाल टेकून बंपरखालचा पुढचा ओठ फळीला घासत नाही ना ते बघायचं. ते काम तुझं होतं. "ये, ये, अजून ये... बास!" तुझं 'बास' ऐकलं की दादा श्वाससुद्धा थांबवायचा. ओरखडा आला तर ठकूच्या गालाला पॉलिश मारू, म्हणायचा. आता टायरवाला येतो मदतीला. माणूस चांगला आहे, पण त्याचं 'थांब' येईपर्यंत ओठ घासलेला असतो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. गाडी नवी होती तेव्हा मी दादाला झापलं होतं, तिरकी बसवलीस म्हणून. चालवणाऱ्याची बाजू जरा उंच दिसत होती. तो हसला आणि आत जाऊन बसला. गाडी एकदम सपाट झाली. गाडी वर-खाली करायची स्प्रिंगखालची कडी फिरवून त्याने ती बाजू स्वतःच्या वजनावर लावली होती. "रिकामी गाडी सरळ ठेवून काय करायचंय बाबा? चालवणार मी आहे," म्हणाला. मी इतकी वर्षं हेच काम करतोय, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग आजारपण आलं. चालवणं सुटलं, तरी जरा बरं वाटेल तेव्हा तो येऊन आत बसायचा. रेडिओ लावायचा, गिअर हलवून बघायचा. एकदा तो असाच बसला होता आणि मी समोर उभा होतो, तेव्हा दिसलं, गाडी सपाट होत नव्हती. त्याची बाजू वरच राहिली होती. तो वर घरात गेल्यावर मी आकडी पाना घेतला आणि कडी थोडी खाली घेतली. पुढच्या वेळी तो बसला तेव्हा गाडी सरळ होती. मला बरं वाटलं. मग ते नेहमीचंच झालं. घरात त्याला वजनकाटा दाखवायचा नाही असं आईने ठरवलं होतं, तो तिने पलंगाखाली ढकलून दिला होता. माझा काटा मात्र इथे उभा होता. दादा बारीक होत गेला आणि मी कडी खाली घेत गेलो.

तो गेल्यानंतर तू आलीस, तेव्हा गॅरेजच्या दारापर्यंत येऊन परत फिरलीस. मी आग्रह केला नाही. मागाहून टायरवाला आला, वाकून दोन्ही बाजू बघितल्या आणि कौतुकाने म्हणाला, "वा! आता कुठे सरळ उभी राहिली हो तुमची गाडी." मी पाना पुसत राहिलो.

आता दादाच्या बाजूचा शॉकर तेल गाळायला लागलाय. नवा आणून ठेवलाय, पण खोक्यातच आहे. जुना काढला की कडीची जागा गेली, सगळं पहिल्यापासून लावावं लागणार. चालवणाऱ्याऐवजी सीटवर वाळूचं पोतं ठेवूनही लावता येतं, सगळे तसंच करतात. मी पोतं आणलं, फावडंही घेतलं. पण वाळू कुठल्या वजनाची भरू, ठकू? गाडी आणली तेव्हाच्या दादाची, की शेवटी बसला त्या दादाची? पोतं घडी करून ठेवून दिलं.

शेवटच्या वेळी मी त्याला उचलूनच आत बसवलं होतं. स्टिअरिंगवर हात ठेवून त्याने ते थोडं डावी-उजवीकडे फिरवलं. मग म्हणाला, "बाबा, कडी आता आणखी खाली जाणार नाही ना?" त्याला सगळं माहीत होतं ग. गाडीत बसलेल्याला कळणार नाही असं मला कसं वाटलं कोण जाणे. मग तोच म्हणाला, "पुढच्या वेळी ठकूच्या वजनावर लावा. जाड झाली असेल तर नवी स्प्रिंग घाला, पण तिला बसवूनच लावा. गाडी आता तिची." हे फोनवर सांगता येत नव्हतं. विकायची असेल तर तुझी गाडी तू वीक, मी अडवणार नाही. पण त्याआधी एकदा ये आणि आत बस. फळ्या मांडून ठेवल्या आहेत. यावेळी जमिनीला गाल मी टेकतो.

तुझ्या 'येते'ची वाट बघणारा,
तुझाच
बाबा