उघड्या पातेल्यातला भात

प्रिय आई,

तुझ्या लेकीचा आणि नातीचा नमस्कार. आम्ही मजेत आहोत. थंडी मात्र हाडांत शिरते. साडीवर ह्यांचा स्वेटर चढवून वावरते. शेजारीण हसते, "पदवीधर बाई, आज पण साहेबांचा वेष?"

छकुलीच्या छातीत जरा कफ झालाय. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, फक्त श्वासाकडे लक्ष ठेवा. तेव्हापासून मी कुकर लावत नाही. शिट्टीत तिचा श्वास ऐकू येत नाही ना! भात उघड्या पातेल्यात शिजवते आणि मध्येच गॅस बंद करून कान देते.

एवढं शिकले, तरी हातपाय गार पडतात गं. मी आजारी असताना तू काय करायचीस? तुझे गुडघे कसे आहेत?

ये म्हणत नाही. पण भात रोज एका माणसाचा जास्तच होतो.

तुझीच,
घाबरट लेक