काळजी करू नकोस म्हणणारा आवाज

दि. ९ मार्च, सोमवार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तूही बरी असशील असं लिहायची रीत आहे, पण तुझं जेवणखाण मला ठाऊक आहे, तेव्हा ते राहू दे.

अक्षर बघून हसू नकोस, पेन खराब आहे. जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी मांजर पाळलंय आणि ते झोपतं मात्र आपल्या पायपुसण्यावर. हाकललं की माझ्याकडे असं बघतं, जणू मीच भाडेकरू.

फोन उचलत नाही म्हणून रुसलीस ना? तुझं म्हणणं पोचलं मला. गेलेल्या माणसांचे आवाज बनवणाऱ्या यंत्रांवर सरकारी तपासणी हवी, तुमचं खातं तसा कायदा लिहितंय, आणि मी समितीपुढे येऊन चार शब्द सांगावेत. मला सांगण्यासारखं काही नाही, असा निरोप मीच धाडला. दादा तसले आवाज बनवणाऱ्या कंपनीत, तू सरकारात. बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी जेवता जेवता भांडलात. तो म्हणाला, सरकारने हात घातला की चांगल्या कामाचा विचका होतो. तू म्हणालीस, विचका झाल्यावर मग निस्तरायचा कुणी? तेव्हापासून तुमचा अबोला. मी दोघांची आई, मी कुणाच्या बाजूला बसू?

बाबांच्या कारखान्यातल्या बॉयलरवर दरवर्षी सरकारी तपासनीस यायचा, आठवतं? "आला मेला नाक खुपसायला," म्हणायचे. पण तो सगळं ठीक म्हणून गेला की त्या दिवशी घरी येऊन ढाराढूर झोपायचे.

आता खरं सांगते. दादाने माझ्या फोनमध्ये घालून दिलेला बाबांचा आवाज मी काढून टाकला, असं तुला म्हटलं होतं. नाही काढला गं. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याशी बोलत बसते. हुबेहूब हेच. बोलण्याआधीचं ते खाकरणंसुद्धा. पहिल्या दिवशी मी इतकी रडले की चहा तसाच राहिला.

गेल्या महिन्यात एका सकाळी हातातून कप सुटला. उजवा हात बधिर, जीभ जड. मी म्हटलं, "अहो, माझा हात उचलत नाहीये." तर म्हणाले, "अगं, ताण घेऊ नकोस. जरा पडून राहा, बरं वाटेल. काळजी करू नकोस." इतक्या मायेनं म्हणाले, चिमणे. मी शहाण्यासारखी जाऊन पडले. संध्याकाळी मास्तरीणबाई मांजर शोधत आल्या, तेव्हा त्यांनी मला दवाखान्यात नेलं. सकाळीच आला असतात तर हात वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

पेन चांगलं आहे. हे डाव्या हाताने लिहितेय, तीन दिवस झाले. आणि फोन उचलला असता तर माझ्या बोलण्यावरून तुला लगेच कळलं असतं.

पडल्या पडल्या एकच विचार. हे असते तर असं म्हणाले असते? "ऊठ, नाटकं पुरे, चप्पल घाल," म्हणत दंडाला धरून नेलं असतं. मग उमगलं. दादाने तो आवाज बनवला बाबांनी त्याला पाठवलेल्या निरोपांवरून. लांब राहणाऱ्या मुलाला बाप काय सांगणार? सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस. स्वतः अंथरुणाला खिळले होते तेव्हाही त्याला हेच सांगत होते. माझ्यावर मात्र आयुष्यभर खेकसले, पण ते घरातल्या घरात. ते कुठेच साठवलेलं नाही. माझा नवरा त्या यंत्रात नाहीच, दादाचे बाबा आहेत.

दादाला अजून काही कळवलेलं नाही. त्याने बापाच्या मायेपोटीच केलं. असं होईल हे त्याच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. म्हणूनच कुणी तिसऱ्याने आधी तपासायला हवं होतं. मी समितीपुढे येते. बोबडं बोलेन, पण बोलेन. त्याआधी दादाला घेऊन घरी ये. त्याला हे माझ्याच तोंडून कळू दे, आणि तू शेजारी बस. त्या दिवशी भांडायचं नाही.

अजून एक. तो आवाज मला बंद करता येत नाही. दोनदा प्रयत्न केला. बंद करते म्हटलं की म्हणतात, "बरं, तुला योग्य वाटेल तसं कर." ह्यांनी मला जन्मात कधी असं म्हटलं नाही, हे खोटं आहे हे कळतं, तरी बोट पुढे जात नाही. एकदा शेवटचा निरोप दिलाय मी त्यांना. पुन्हा माझ्या हाताने नको. ते तू कर, चिमणे. मी स्वयंपाकघरात जाऊन बसेन.

पत्राच्या शेवटी काळजी करू नकोस असं लिहायचे तुझे बाबा. मी नाही लिहिणार. काळजी कर माझी.

तुझी,
आई