तुझी लाट, तुझं नाव

प्रिय मनू,

आज संध्याकाळपर्यंत निखिलला हो की नाही ते कळवायचं आहे, म्हणून लिहायला बसले. तुझ्याबद्दलची कुठलीही गोष्ट मी तुला न विचारता ठरवलेली नाही. शाळेचं दप्तरसुद्धा तू पसंत केल्याशिवाय दुकानातून उचललं नव्हतं. आता विचारायची सोय राहिली नाही, तरी सवय सुटत नाही.

निखिल अजून पुण्यातल्या तुमच्या त्याच खोलीत राहतो. तुझी कॉट तशीच आहे, दुसरा मुलगा घेतला नाही म्हणाला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तू अर्धा टाकून गेलास तो पिक्चर पुढच्या वर्षी येतो आहे. तुझं राहिलेलं काम त्यानंच पुरं केलं. आता कंपनीतले लोक म्हणतात, पिक्चर सुरू व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर तुझं नाव द्यायचं, स्मरणार्थ म्हणून. पडदाभर, एकट्याचं. "पण काकू, मग शेवटच्या यादीत नाव येणार नाही. दोन्हीकडं देत नाहीत म्हणे. तुम्ही आणि काका ठरवून सांगा."

तुझ्या बाबांनी फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. "मोठं द्या. पडदाभरच द्या," म्हणाले. मी म्हटलं, थांब रे निखिल, कळवतो आम्ही. तेव्हापासून या घरात 'वाढू का' आणि 'पुरे' एवढंच बोलणं चाललंय.

खरं सांगू? मलाही हवं होतं ते. तुझं नाव सगळ्यांनी बघावं, कुठल्या आईला वाटणार नाही? पण त्याच्यामागं 'स्मरणार्थ' लागलेलं मला नको होतं.

तू काय काम करतोस ते मला कधी धड सांगता आलं नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "मनोज काय करतो पुण्याला?" मी म्हणायचे, "पिक्चरमधलं पाणी करतो." एकदा समोरच्या काकूंनी विचारलं, "म्हंजी शूटिंगला टँकर पुरवतो का?" मी म्हटलं, नाही हो, कॉम्प्युटरवर करतो, लाटा, पूर, समुद्र. त्यांचा चेहराच उतरला. टँकरवाला जावई त्यांना चालला असता बहुतेक!

त्यांचं तरी काय चुकलं? शहराबाहेर, बीड बायपासच्या पलीकडे आपण प्लॉट घेतला तेव्हा चहूबाजूंनी ज्वारी होती. बघता बघता ज्वारीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि बोअर आटत गेले. दुष्काळाच्या त्या वर्षी गावी पिशोरला तुझ्या काकांची अद्रक जमिनीत वाळली आणि इथं आपण टँकरच्या आवाजावर कान लावून बसायचो. तू अकरावीला होतास. पाइप धरायचं काम तुझं. एकदा ड्रम भरून वाहायला लागला, सगळी गल्ली ओरडते आहे, आणि तू आपला पाइप धरून बघत उभा. मी येऊन तुझ्या पाठीत धपाटा घातला.

"आई, पडताना बघ की. कडेला कसं फाटतंय ते."

"पानी बघायचं असतं का भरायचं असतं रं?" मी म्हटलं.

त्या बघण्याचाच लोक तुला पगार देतील हे मला कुठं ठाऊक होतं?

आणि तुझा पहिला पिक्चर? तो टीव्हीवर लागला त्या दुपारी मी लगेच फोन केला, कौतुक करायला. बघितला रे, छान होती लाट. तू विचारलंस, "कुठं बघितला?" घरी. "काय करत होतीस?" मी आपली खरं बोलून बसले, मेथी निवडत होते.

"आई, चार महिने मी त्या एका लाटेवर बसलो होतो. आन् तू ती मेथी निवडत बघितलीस?"

तू रागावला नव्हतास. रागावला असतास तर बरं झालं असतं. मी तुला समजवायला गेले की अरे, घरी बरं पडतं, मध्येच बंद करता येतं, दारावर कुणी आलं तर उठता येतं. तू म्हणालास, "तेच तर. घरी तू कधी बसतच नाहीस." ते मात्र खरं होतं. कुकर, दार, नळ, फोन. मी उभ्या जन्मात टीव्हीवरचा एक पिक्चर अख्खा बघितलेला नाही. कोण कुणाचा भाऊ ते मला नेहमी बाबांना विचारावं लागतं, आणि त्यांनाही माहीत नसतं, कारण ते झोपलेले असतात.

म्हणून त्या दिवाळीला तुझा दुसरा पिक्चर लागला तेव्हा तू आम्हाला धरून थिएटरला नेलंस. नळाचा दिवस सोडून तिकिटं काढलीस, नाहीतर मी हललेच नसते. बाबा तर किती वर्षांनी थिएटरची पायरी चढत होते. त्यांच्या तरुणपणीच्या थिएटरचं आता पार्किंग झालंय. जालना रोडच्या त्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर त्यांनी तुझा दंड घट्ट धरला होता. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "एवढ्या गारठ्यात बसायचे पैशे देतेत व्हय लोकं?"

मग तुझी लाट आली. मनू, ती मी कशी सांगू? आधी आवाज आला, पायांखालून. मग सगळा पडदा निळा, मग काळा, आणि वर फेस. मी मान वर करून बघत होते तरी तिचं डोकं दिसत नव्हतं. आणि शेजारी तुझ्या बाबांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. चपला भिजतील म्हणून! नंतर किती हसलास तू. "एवढा पगार कंपनीनं दिला नाय, जेवढा बाबांनी आज दिला," म्हणालास.

पिक्चर संपला, लोक उठले. तू आम्हाला हाताला धरून बसवलंस. "थांबा, आता नाव येतंय." पांढरी अक्षरं खालून वर पळत होती. तू एकदम बोट दाखवलंस, "त्ये बघ!" आणि मी बघितलं ते तुझ्याकडे. अंधारात तुझा चेहरा नुसता उजळला होता. पडद्याकडे वळेपर्यंत नाव वर निघून गेलं होतं. दिसलं का, विचारलंस. मी म्हटलं, नाही रे. तू म्हणालास, "जाऊ दे, पुढच्या वेळी."

पुढच्या पावसाळ्यात तुला ताप आला. फोनवर म्हणालास, बारीक कणकण आहे, गोळी घेतली. काम संपवायचं होतं ना तुला. ताप अंगावर काढलास. चार दिवसांनी निखिलचा फोन आला तेव्हा तू दवाखान्यात होतास आणि डॉक्टर प्लेटलेट्सचं बोलत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तू ओळखलंस. "आई, कशाला आलात एवढ्या लांब," म्हणालास. मला अजून राग येतो त्या वाक्याचा. एवढ्या लांब! घरच्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर तापला असतास तर मी तुला पहिल्याच दिवशी उचलून नेलं नसतं का? का नाही सांगितलंस रे? मी काय फक्त मेथी निवडणारी होते?

त्या आजारपणाआधी तू जो पिक्चर पुरा करून दिला होतास, तो उन्हाळ्यात लागला. आम्ही पहिल्याच दिवशी गेलो. बाहेर पुन्हा टँकरची रांग सुरू झाली होती. आत तुझा महापूर. मला वाटलं होतं, मला बघवणार नाही. पण बघवलं. एका देवळाच्या पायऱ्यांवर पाणी चढतं, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला ते फाटतं. फाटतं, असंच म्हणायचास ना? हुबेहूब. मी बाबांचा हात धरला. ते रडत होते, पण आवाज न करता. आजूबाजूचे लोक शिट्ट्या मारत होते. माझ्या लेकाच्या कामाला शिट्ट्या पडताहेत आणि मी बसल्या जागी त्याच्यावर चिडले आहे, की हे बघायला तू इथं का नाहीस.

शेवटी नावं सुरू झाली. या वेळी मी पापणी लवू देणार नव्हते. नट, नट्या, गाणी, स्वयंपाकी, ड्रायव्हर. तुमची यादी फार उशिरा येते हे तू सांगितलं होतंस. आणि एकदम दिवे लागले आणि पडदा पांढरा झाला. झाडणाऱ्या बाया आत आल्या. बाबा उठून दाराशी गेले, तिथल्या माणसाला म्हणाले, "जरा थांबवा नं भाऊ. लेकाचं नाव यायचंय माझ्या." तो बिचारा चांगला होता. म्हणाला, "काका, पुढचा शो आहे, वरून बंद करतात. पुढच्या वेळी बघा." बाबा 'पुढच्या वेळी' ऐकून तिथंच पायरीवर बसले.

म्हणून ते 'मोठं द्या' म्हणत होते, मनू. सुरुवातीची पाटी कुणी बंद करत नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

आज दुपारी तोच महापुराचा पिक्चर इंटरनेटवरून टीव्हीवर लावला. बाबांनी तू गेल्यावर जवळजवळ भिंतभर टीव्ही आणलाय. मी म्हटलं होतं, दोन माणसांना कशाला एवढा? "पोराचं काम बारीक दिसू नये," म्हणाले. निखिलनं सकाळी फोनवर पढवून ठेवलं होतं, "काकू, शेवटी चित्र कोपऱ्यात बारीक होईल आणि दुसरं काहीतरी सुरू व्हायला लागेल. तेव्हा लगेच रिमोटचं मधलं बटण दाबा."

मी आज भाजी घेतली नाही. कुकर लावला नाही. दाराला कडी घातली आणि बसले. तरी सांगते, तू बरोबर होतास. भिंतभर असला तरी तो टीव्हीच. खिडकीतलं ऊन तुझ्या पुरावर पडलं होतं आणि पाण्यात आमच्याच सोफ्याची सावली दिसत होती. पायऱ्या आल्या, पाणी चढलं, सुंदरच होतं. पण बाबांचे पाय जमिनीवरच राहिले.

मग चित्र कोपऱ्यात गेलं. मी बटण दाबलं. नावं परत मोठी झाली आणि वर सरकू लागली. बाबा चष्मा लावून अगदी टीव्हीला नाक लावून उभे. "थांब. थांब म्हणतो नं!" मी थांबवलं, पुढं गेलं होतं. मागं घेतलं, जास्त मागं गेलं. असं दोनतीनदा झालं. आणि मग ते थांबलं. निखिलच्या खाली, कुणा एका मुलीच्या वर. तुझं नाव आणि आपलं आडनाव.

तू गेल्यापासून तुझं नाव जिथं जिथं छापलं, तिथं त्याच्याआधी 'कै.' बसलं आहे. दहाव्याच्या निरोपात, पेपरातल्या फोटोखाली. परवा पिशोरहून तुझ्या चुलत बहिणीची लग्नपत्रिका आली. तिच्यात तुला आशीर्वाद देणाऱ्यांच्या रांगेत घातलंय, कै. आजोबांच्या शेजारी. अठ्ठावीस वर्षांचा माझा मुलगा, ज्यानं त्या मांडवात नाचायचं, तो वरून आशीर्वाद देतोय! मी ती पत्रिका देवाजवळ ठेवायच्या ऐवजी कपाटात कोंबली.

आणि इथं काहीच नव्हतं. आधी काही नाही, मागं काही नाही. वर निखिल, खाली ती मुलगी, मध्ये तू. जणू सगळे एका रांगेत कामाला बसला आहात आणि आत्ता डबा खायला उठाल.

बाबा बोट ठेवून एकेक नाव इंग्रजी अक्षरं लावत वाचत होते. शेजारच्या ओळीतली पण वाचली. किती वेळ वाचत होते. मग म्हणाले, "सगळी तुमच्याआमच्यातलीच पोरं हायेत गं."

"व्हय," मी म्हटलं.

"ह्यातलं कुणी गेलंय आसं वाटत नाय."

ते सोफ्यावर येऊन बसले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "नको. ह्यांच्यातनं त्याला एकट्याला कशाला काढायचं?"

तर निखिलला आता सांगते, यादीतच राहू दे म्हणून. तुलाही हेच हवं असेल ना? मला तसं वाटतंय. चुकले असेन तर तूच सांभाळून घे.

पुढच्या वर्षी तो पिक्चर लागला की आम्ही दोघं थिएटरातच बघू, हा शब्द देते. पडदा मध्येच बंद केला तर दुसऱ्या शोला परत जाऊ, तिसऱ्याला जाऊ. आणि तुमची यादी आली की मी ती मोठ्यानं वाचणार आहे. निखिलपासून सुरू करून खालच्या त्या मुलीच्याही पुढं, सगळी. मध्ये तुझं नाव येईल, तिथं मी थांबणार नाही.

तुझी,
आई