विसाव्याचा गोटा

९ फेब्रुवारी, रविवार

बाबांची चप्पल माझ्या पायात मोठी होते. आठ नंबर. फटकन निघते. म्हणून खाली पाहून चालावं लागते – एवढंच कारण! लोकांले वाटते, पोरगी इतिहास शोधून राह्यली.

पण खाली पाहून चाललं की दिसते. जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत आज तीन गोष्टी – नालीवर झाकण म्हणून टाकलेल्या दगडात अर्धं कमळ. पानठेल्याच्या पायरीले हत्तीचा पाय, फक्त पाय, बाकी हत्ती कुठी गेला देव जाणे. सायकलच्या दुकानासमोर एका फरशीवर कोनीतरी कोरलेली मासोळी, तिच्यावर ग्रीस सांडलं.

सगळे वर पाहतात. परकोट, दरवाजा, सेल्फी. मी खालचं पुस्तक लिहीन. त्यात माणूस नाई, गोष्ट नाई, फक्त जमीन. आई फोनवर म्हणे, "बी.एड. कर. ब्रह्मपुरीत जागा निघतात. जमीन काय लिहितं कोनी?"

११ फेब्रुवारी

सापडला!!

पठाणपुरा गेटच्या आत, डावीकडच्या बोळीत. रस्त्यातच. लांबलचक दगड, पिवळट, पायानं गुळगुळीत झालेला. चार कोपऱ्याले चार खड्डे. प्रत्येकात माझी मूठ बरोबर बसते. तीन एकदम गोल, चौथा थोडा वाकडा. आत बारीक बारीक ठिपके, पाट्यावर असतात तसे. खड्डे आतून पांढरे अन् दगड वरून पिवळट – रोज कोनी धूत असन.

अंदाज – जुन्या दाराची चूळ, खालचा खुंट, फिरत असन यात. गोंड राजाच्या वेळचं. पाचशे वर्षं तरी!

१२ फेब्रुवारी

चूळ नाई. दाराले दोन लागतात, चार कायले?

१४ फेब्रुवारी

टेप विसरली होती. म्हटलं अंगानं मोजू – माझी उंची पाच फूट दोन. झोपली त्यावर. सरळ, हात बाजूले. डोक्यावर वीतभर उरला. ऊन चांगलं तापलं होतं अन् दगड गार. पाठीतून गार चढत गेलं.

तेवढ्यात किंकाळी! "उठ! उठ वो पोरी, उठ आधी!"

समोरच्या घरातून एक बाई धावत आली, हातात तांब्या. माझं मनगट धरून वढलं. अन् अर्धा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला!

"जिवंत मानूस झोपते का तिथी? तुया मायनं काई शिकवलं नाई का तुले?"

मी म्हटलं, बाई, मी मोजून राह्यली होती.

"मोज ना मंग. मेल्यावर मोज."

मग मलेच घरात नेऊन टॉवेल देला, चहा ठेवला. कमळाबाई नाव. पूर्ण चहा होईपर्यंत शिव्या सुरू. बिस्कीट घे म्हणे, ते पण शिवी देल्यासारखं.

१५ फेब्रुवारी

तो विसावा आहे, कमळाबाईनं सांगितलं.

तिरडी घेऊन गेटबाहेर जायच्या आधी मढं तिथं टेकवतात. तिरडीच्या बांबूची चार टोकं चार खड्ड्यात. खांदेकरी बदलतात – पुढचे मागं, मागचे पुढं. मग उचलतात, मग मागं पाहायचं नाई. इथपर्यंत मानूस घरचा असते, म्हणे. इथून पुढं तो त्याचा त्याचा.

कमळाबाई रोज सकाळी त्यावर तांब्याभर पानी टाकते. काऊन म्हणून विचारलं. तांदूळ निवडत होती, निवडतच राह्यली.

"आमचे मालक, देवराव," म्हणे. "पाट्या-वरवंट्याले टाकी मारत फिरत. दारोदार. एकवीसच्या मे महिन्यात, करोनात, दवाखान्यात नेले. तिकडून गाडी सरळ तिकडंच गेली. गाडी काई टेकते का? त्याले कोनी टेकवलंच नाई, पोरी. अजून कोनाच्या तरी खांद्यावरच हाय तो."

मी कप खाली ठेवला. चपलेत पाय सरकवले. तशीच निघाली.

माझ्या चपलेचा आवाज नेहमी एक पाऊल उशिरा येते. मोठी आहे ना. आज पूर्ण बोळभर तो आवाज मागून येत राह्यला अन् मी वळून पाह्यलं नाई.

१६ फेब्रुवारी

हे लिहाचं नाई असं ठरवलं होतं. चार वर्षं लिहिलं नाई.

एकवीसचा मे. मी पुण्यात, बाबा दवाखान्यात. फोन – "बॉडी इथनंच नेऊ का? होकार लागते घरच्यांचा." मी म्हटलं, हो. पाच सेकंद. नंतर एक पिशवी भेटली. चष्मा अन् चप्पल.

१८ फेब्रुवारी

बोळीत खडी पडली! सिमेंट रस्ता होऊन राह्यला. अन् सुपरवायझर कोण – नागसेन! अकरावी-बारावी माझ्यासोबत होता. आता हेल्मेट, पोट, सगळं आहे.

"सोमवारी काम सुरू. गोटा फोडाचा का तसाच दाबाचा, तेवढंच ठरवाचं हाय."

कमळाबाई दारात उभी होती. नुसती दाराची कडी धरून राह्यली.

मी त्याले बाजूले नेलं. वाचव म्हटलं.

"जुना हाय का? जुना असन तं साहेबाले सांगता येते. लिहून दे. किती वर्षं?"

"पाचशे. अंदाजे."

"तुया अंदाज! फिजिक्सले किती भेटले होते तुले, अंदाजे?"

हसलो दोघं. मग तो म्हणे, "आमच्यात विसावा-गिसावा नाई. पण मोठ्या भावाले नेलं तवा मीबी त्या गाडीच्या मागं पळालो होतो. गेटपर्यंत. दे लिहून."

२० फेब्रुवारी

दोन पानं लिहिली. 'पिढ्यान्‌पिढ्या', 'गोंडकालीन', 'लोकपरंपरा'. भारी शब्द. नागसेननं व्हॉट्सअॅपवर पुढं पाठवलं. कमळाबाईले वाचून दाखवलं तं तिनं मान खाली घातली अन् म्हणे, "लई लिहिलं वो तू." बस. मले वाटलं खूश होईन.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या काम सुरू. साहेबाचं उत्तर नाई.

सकाळी कमळाबाई माझ्या पायाकडं पाहत होती. "ह्या चपला कोनाच्या?"

सांगितलं. फोनचं पण. 'हो'चं पण. पहिल्यांदा कोनाले सांगितलं.

ती म्हणे, "काढ."

चपला दगडावर ठेवल्या. तिनं आतून देवरावचा सदरा आणला, घडी केलेला, त्याच्या बाजूले ठेवला. तांब्या ओतला. आम्ही दोघी दोन बाजूंनी वाकून उभ्या. बोळीतून एक स्कूटरवाला आला, थांबला, त्यानं हॉर्न नाई वाजवला.

"आता उचल. तू इकडं ये, मी तिकडं जातो. हं. आता मागं पाहू नको."

नदीपर्यंत गेलो. तिनं सदरा सोडला, मी चपला. एक लगेच बुडाली. दुसरी बराच वेळ तरंगत राह्यली.

अनवाणी आली. खडी टोचली. मागून आवाज नाई.

२ मार्च

रस्ता झाला. गोट्याभोवती चौकोन सोडला नागसेननं! साहेबानं फायलीवर लिहिलं म्हणे – प्राचीन दगड, हात लावू नये.

६ मार्च

पुस्तकासाठी एवढंच राह्यलं होतं. म्हणून विचारलं – बाई, हा विसावा कोनाच्या काळचा?

कमळाबाई दगड धूत होती. थांबली. "देवरावच्या."

"म्हणजे?"

"खड्डे मीच पाडले. त्याच्याच छन्नीनं. तो गेला त्याच्या पंधराव्या दिवशी. दगड होता इथी, नुसता, पायाखालचा. चार दिवस लागले. लॉकडाऊन होतं, बोळीत कोनी फिरकत नव्हतं. चवथ्याले छन्नी घसरली, म्हणून वाकडा हाय तो."

"अन् लोकं?"

"शेजारचा म्हातारा गेला तवा त्याची तिरडी आली. टेकवली लोकायनं. खड्डे दिसले, टेकवली. मंग सगळेच टेकवाले लागले. कवाचा हाय म्हणून कोनी नाई विचारलं. तूच पहिली." तांब्या उपडा केला. "सांगशीन का कोनाले?"

नाई म्हटलं. फक्त इथं लिहिलं.