फोटोखालच्या दोन ओळी

दौंड,
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय एंजल,

सप्रेम जय भीम. तुझ्या आईंना माझा सलाम सांग. मेल न करता पोस्टानं लिहिते आहे, कारण सायबर कॅफेत माझ्या मागं उभं राहून कोण काय वाचतं याचा आता भरवसा उरलेला नाही.

तुमच्या संस्थेच्या वेबसाइटवरच्या गोष्टी मी अजूनही छापून आणते. माझ्या भावाची आम्रपाली पहिलीत जाते, पण शाळेत तोंड उघडत नव्हती. परवा तिनं केनियाच्या सशाची गोष्ट गल्लीतल्या पोरांना वाचून दाखवली आणि केनिया बारामतीच्या पुढं आहे असं ठणकावून सांगितलं. तेव्हा गोष्टींवर माझा राग नाही, हे आधी समजून घे.

राग फोटोवर आहे. डिसेंबरात तू आलीस, आईला दारात बसवलंस, हातात छापलेली गोष्ट दिलीस आणि म्हणालीस, "मावशी, ओळीवर बोट ठेवा." आई लाजली, पण तुझ्या शब्दाखातर बसली. आता तो फोटो वेबसाइटवर आहे आणि खाली दोन ओळी आहेत : "दौंडच्या अंजनाआजी देशोदेशीच्या संस्कृतींच्या गोष्टी रोज नातीला वाचून दाखवतात. तुम्हीही घरी सुरुवात करा."

एंजल, माझ्या आईला सहीसुद्धा येत नाही. माझ्या कॉलेजच्या अर्जावर तिनं अंगठा केला तेव्हा तू शेजारीच उभी होतीस.

शेजारच्या कुशाबाईंच्या संपतनं फोटो कॅफेत पाहिला आणि वस्तीभर केला. नळावर कुशाबाई आईला म्हणाल्या, "का गं अंजने, कवा शिकलीस? आन् आमच्यापास्नं लपवलंस व्हय?" दुसरी म्हणाली, "केडगावच्या मिशनातली पोर ती, फुकाट कशाला गोष्टी वाटंल? आज फोटो, उद्या चर्चमधी नेत्याल." मी भांडले, तुझ्या बाजूनं भांडले. घरी आल्यावर मात्र मलाच प्रश्न पडायला लागले. आम्रपालीला रोज वाचून दाखवते मी. मग फोटो आईचा का? माझा ड्रेस इस्त्रीचा होता म्हणून? आईचा विरलेला पदर तुझ्या साहेबांना जास्त आवडेल असं वाटलं? त्या फोटोवर तुझी नोकरी पक्की झाली का? तुला वाईट वाटेल, तरी विचारते. चौदा एप्रिलला तू आमच्याकडं आणि नाताळात मी तुमच्याकडं, हे आपलं वेबसाइट निघायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. म्हणून जास्त लागलं.

शुक्रवारी फोटो छापून आणला आणि खालचा मजकूर आईला वाचून दाखवला. "एवढंच?" ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. "एवढी अक्षरं आन् एवढंच व्हय? अजून काय तरी आसंल. तू मैतरणीला झाकतीस." शपथ घेतली तरी ऐकेना. मग आम्रपालीला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं. ती नेमकी 'संस्कृतींच्या'वर अडखळली आणि आईचा संशय पक्का झाला. "बघ, तिथंच काय तरी हाय!"

फोटो काढून टाक, एवढंच तुला लिहिणार होते. आईनं अडवलं. "काढायचा न्हाई. मी माझ्या डोळ्यानं वाचीन, मग ठरवीन. तवर त्याला हात लावू नगं म्हणावं." कालपासून ती आम्रपालीच्या पाटीवर अक्षरं गिरवते आहे. शेजारी मी बसलेली चालत नाही, नात चालते. म्हणून हे पत्र : मी कितीही रागावलेली असले तरी फोटो राहू दे, खालचं एक अक्षरही बदलू नकोस. वाचता आलं की ती स्वतः तुझ्यासमोर येऊन बसणार आहे. तिला काय सांगायचं ते आतापासून ठरवून ठेव.

अजून तरी तुझीच,
रश्मी